सलाईनवरची गाडी

आमच्या आत्याबाईंना दसऱ्याच्या सकाळी सरकारी दवाखान्यात स्ट्रेचरवरून आत नेलं, तेव्हा त्यांना काहीही झालेलं नव्हतं. झालं होतं ते गाडीला. पण गाडीला स्ट्रेचर कोण देणार?

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणायची रीत. नाशिकच्या कडेला, मखमलाबादच्या रस्त्याला आमचा मळा होता. भाजीपाला आणि फुलं. मळ्याचं सगळं आत्याबाई बघायच्या. माझे मिस्टर पाटबंधारे खात्यात कारकून, आणि मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायचे. भौतिकशास्त्र हा माझा खास विषय. गुरुत्वाकर्षण तर मी इतकं रंगवून शिकवायचे, की मुलं खाली पडलेली पेन्सिल उचलायच्या आधी एकदा माझ्याकडे बघायची.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. ह्यांनी त्यांच्या निवृत्त साहेबांची जुनी गाडी घेतली होती. साहेब निवृत्त झाले ते सगळ्यांना माहीत होतं, पण गाडीही त्यांच्याच बरोबर निवृत्त झालीय हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. ती चालायची, पण तिच्या मनात असेल तेव्हा. दसऱ्याच्या आठ दिवस आधी मेकॅनिकनं बॉनेट उघडून सांगितलं होतं, की टाकीतलं पेट्रोल इंजिनापर्यंत खेचून आणणारा जो पंप असतो, त्याच्या आतला पडदा फाटत आलाय. बदलून घ्या. आम्ही म्हणालो, दसरा झाला की बघू. दसरा होईपर्यंत थांबायचं हे पडद्याला कुणी सांगितलं नव्हतं.

आता झेंडूचं एक असतं. आषाढात रोपं लावा, खुरपा, औषध मारा, परतीच्या पावसापासून जपा, आणि हे सगळं कशासाठी, तर एका सकाळसाठी. दसऱ्याच्या सकाळी जो बाजारात पोचतो तो झेंडू. दुपारी पोचतो तो पालापाचोळा. आत्याबाईंनी त्या वर्षी अर्धा मळा झेंडूच लावला होता, आणि आला होता असा, की बांधावर उभं राहिलं तर डोळे दिपावेत. दरवर्षी आमची फुलं एक टेम्पोवाला न्यायचा. त्या वर्षी आदल्या दिवशी दुपारी त्याचा निरोप आला, की त्याला चांदवडकडचं मोठं काम मिळालंय, तुमचं तुम्ही बघा. दुसरा टेम्पो शोधायला हे सायकलवरून तासभर फिरले. दसऱ्याच्या आदल्या दिवशी टेम्पो शोधणं म्हणजे लग्नाच्या दिवशी नवरा शोधण्यासारखं आहे. सगळे आधीच ठरलेले असतात.

तेव्हा गाडी काढायचं ठरलं. मागच्या सीटवर, डिकीत, टपावर असं मिळून निम्मी फुलं तरी जातील असा अंदाज होता. ह्यांनी गाडी सुरू केली. ती खोकली, थरथरली आणि शांत झाली. पुन्हा खोकली, पुन्हा शांत. पडदा फाटला होता. मेकॅनिक सणासाठी येवल्याला बहिणीकडे गेला होता, तो दसऱ्याच्या दुपारी परतणार होता.

आत्याबाई अंगणात झेंडूच्या ढिगाशेजारी बसल्या होत्या. एक फूल हातात घेऊन त्याच्या पाकळ्या नीट करत राहिल्या, जणू तेवढं एक तरी बाजारात जाणार होतं. मला ते बघवेना. आणि त्या क्षणी माझ्या डोक्यात विज्ञान आलं.

मी ह्यांना म्हणाले, पंप काय करतो? खाली मागे असलेल्या टाकीतून पेट्रोल वर खेचतो. मग पेट्रोल मुळातच वर ठेवलं तर? ते आपलं आपण खाली येईल. पंपाची गरजच नाही. सृष्टीचा नियम आहे.

हे गप्प बसले. ह्यांचं गप्प बसणं म्हणजे नकार असतो, हे मला लग्नाला वीस वर्षं झाल्यावर कळलं. तेव्हा अकराच झाली होती. मी होकार समजले.

मामंजींच्या शेवटच्या आजारपणातल्या सलाईनच्या चार प्लॅस्टिकच्या बाटल्या घरात होत्या, नळ्यांसकट. आत्याबाई काहीच टाकत नाहीत. एका बाटलीत फिनेल होतं, तीन रिकाम्या होत्या. सलाईनच्या नळीला प्रवाह कमीजास्त करायची छोटी चकती असते, ती बघून तर मला भरूनच आलं. उंची, प्रवाह, नियंत्रण, सगळं तयार. हिशोब असा, की अर्ध्या लिटरमध्ये गाडी सहा किलोमीटर जाते, पंचवटीचा बाजार सात किलोमीटर, म्हणजे दोन बाटल्या पुरे आणि तिसरी जास्तीची. ह्यांनी टाकीत नळी घालून तोंडानं पेट्रोल ओढलं. त्याला सायफन म्हणतात, हे मी त्यांना समजावून सांगत असतानाच एक घोट त्यांच्या पोटात गेला. रात्री जेवताना ते म्हणाले, आमटीला पेट्रोलचा वास येतोय. मी म्हणाले, आमटीला नाही.

बॉनेटखाली जिथे पेट्रोल आणि हवा एकत्र होतात, त्या कार्बोरेटरवरची पंपाची नळी मी काढली आणि तिथे सलाईनची नळी बसवून हाराच्या दोऱ्यानं करकचून बांधली. बाटली मागच्या दाराच्या वरच्या कडीला उलटी टांगली. नळी पुढच्या खिडकीतून बाहेर काढून बॉनेटच्या फटीतून आत घेतली. ह्यांनी चावी फिरवली, आणि गाडी लागली. अर्धं मिनिट ती छान गुरगुरत उभी होती. पेट्रोल वाया जायला नको म्हणून मी लगेच बंद करायला लावली. माझ्या आयुष्यातलं ते फार सुंदर अर्धं मिनिट होतं. आणखी दोन मिनिटं चालू ठेवली असती, तर पुढचं सगळं टळलं असतं.

सकाळी उजाडता उजाडता आम्ही फुलं भरली. जुन्या साड्यांची गाठोडी डिकीत, पायाशी, टपावर. मागच्या सीटवर आत्याबाई, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंनी गळ्यापर्यंत मोकळा झेंडू. त्यांचा फक्त चेहरा दिसत होता, फुलांतून उगवल्यासारखा. त्यांच्या डोक्यावर बाटली. चकतीचा ताबा माझ्याकडे, म्हणून मी पुढे, हात खिडकीबाहेर. हे गाडी चालवायला नवीनच शिकले होते. स्टिअरिंग ते असं धरायचे, जसं काही ते कुणीतरी परत मागणार आहे.

साधारण एक किलोमीटर आम्ही झकास गेलो. मग गाडी मंदावली. मी चकती पूर्ण उघडली. गाडी आणखी मंदावली, आणि एका द्राक्षबागेच्या कडेला थांबली.

मी मागे वळून बाटलीकडे बघितलं. बाटलीत पेट्रोल होतं, भरपूर होतं. पण ती दोन्ही बाजूंनी आत गेली होती, दात काढलेल्या म्हाताऱ्याच्या गालांसारखी. मी खाली उतरून नळी तपासली. चकती तपासली. कार्बोरेटरजवळची गाठ तपासली. मग मी ह्यांना सांगितलं, की उंची कमी पडतेय, दाबातला फरक पुरेसा नाही, बाटली टपावर घ्यावी लागेल. हे निमूटपणे दोरी शोधायला लागले.

मागून आत्याबाईंचा आवाज आला. "सुमन, दुसरं भोक पाडलंस का?"

"कसलं भोक, आत्याबाई?"

"तेलाचा डबा फोडताना आपन दोन भोकं पाडतो. एकातून तेल येतं, दुसऱ्यातून वारा आत जातो. एकच पाडलं तर तेल येत नाय. तुला ठावं नाय का?"

मला ठावं होतं. दरवर्षी जूनमध्ये, हवेच्या दाबाच्या धड्याला, मी वर्गात दुधाच्या डब्याला दोन भोकं पाडून हाच प्रयोग करून दाखवायचे. एक भोक बोटानं बंद करायचे, धार थांबायची, मुलं टाळ्या वाजवायची. मी त्या द्राक्षबागेकडे तोंड करून थोडा वेळ उभी राहिले. मागे वळले तेव्हा आत्याबाईंनी अंबाड्यात खोचलेली हार ओवायची सुई काढून बाटलीच्या वरच्या बुडाला भोक पाडलंही होतं. बाटलीनं श्वास घेतला आणि तिचे गाल भरले. दोन वेळा किल्ली फिरवल्यावर गाडी लागली.

त्यानंतर कुणीच काही बोललं नाही. आमच्याकडे ती मोठी सवलत आहे.

पण आता उलटी अडचण सुरू झाली. भोकामुळे पेट्रोल मोकळं सुटलं आणि इंजिनाला जास्त मिळायला लागलं. मागून काळा धूर. मी चकती कमी केली की गाडी आचके द्यायची, वाढवली की धूर. हे सारखं विचारायचे, वाढवलीस का, कमी केलीस का. प्रत्येक खड्ड्याला बाटली हेलकावे खायची आणि त्या सुईच्या भोकातून चार थेंब आत्याबाईंच्या पदरावर. पेट्रोलच्या वासानं त्यांना मळमळायला लागलं. त्यांनी पदर नाकाला लावला, मान मागे टाकली आणि डोळे मिटून घेतले. आम्ही पेठ नाक्याला पोचलो, ते अशा अवस्थेत.

दसऱ्याच्या सकाळी पेठ नाक्याला काय गर्दी असते हे नाशिककरांना सांगायला नको. टेम्पो, हातगाड्या, आपट्याच्या पानांचे भारे, रिक्षा, आणि सगळ्यांना आधी जायचं. आमची गाडी मधोमध बंद पडली. मागून हॉर्न सुरू झाले. आणि गर्दीतून वाट काढत एक ट्रॅफिक हवालदार आमच्याकडे आले. धिप्पाड, मिशीवाले, पहाटेपासून गर्दी आवरून लाल झालेले.

ह्यांच्याकडे पक्कं लायसन्स नव्हतं, शिकाऊ होतं. हे मला तेव्हाच, त्याच क्षणी, अगदी हळू आवाजात सांगितलं गेलं.

हवालदार खिडकीतून वाकले. त्यांनी मागे बघितलं. झेंडूच्या ढिगात एक म्हातारी, डोळे मिटलेली, तोंडावर पदर, आणि डोक्यावर सलाईन. त्यांचा आवाज एकदम खाली आला. त्यांनी विचारलं, काय झालंय?

मी घाबरले होते. आणि खरं सांगते, मी खोटं बोलले नाही. मी गाडीबद्दल बोलले.

"सारखी बंद पडतेय," मी म्हणाले.

"बंद पडतेय म्हणजे?"

"मधेच थांबते. मग थोड्या वेळानं परत चालू होते. म्हणून सलाईन लावलंय."

हवालदारांचा चेहरा उतरला. एखाद्या म्हाताऱ्या बाईचं हृदय असं थांबत-चालू होत असताना घरच्यांनी तिच्याभोवती आधीच फुलं रचून ठेवावीत, हे त्यांना बहुधा जरा घाईचं वाटलं. त्यांनी चार रिक्षावाल्यांना बोलावून गाडीला धक्का मारायला लावला, गाडी लागली, आणि ते स्वतः मोटारसायकलवर बसून शिट्टी वाजवत आमच्या पुढे निघाले.

नाशकातला रस्ता असा मोकळा झालेला मी त्याआधी पाहिला नव्हता, त्यानंतरही नाही. हातगाड्या बाजूला झाल्या. एक अख्खा ट्रक मागे सरकला. ह्यांनी कुजबुजत विचारलं, आता काय करायचं? मी म्हणाले, बाजारापर्यंत जाऊ द्या, तिथे हळूच वळू. मला वाटलं नशिबानं उलट आमचं कामच केलं. पण हवालदारांच्या मागे जाणाऱ्या गाडीला हळूच वळता येत नाही. मागे रिक्षांची रांग, दोन्ही बाजूंना हात जोडून उभी असलेली माणसं. ह्यांनी स्टिअरिंग जेमतेम डावीकडे नेलं, तर कडेच्या एका गृहस्थांनी खवळून हात केला, अरे सरळ जा सरळ, दवाखाना तिकडे आहे.

आत्याबाईंनी एक डोळा उघडला. पंचवटीचा बाजार डाव्या हाताला आला, फुलांच्या राशी आल्या, ओळखीचे दोन व्यापारी दिसले, आणि मागे गेले.

"सुमन," त्या पदराआडून म्हणाल्या, "बाजार गेला."

"हो, आत्याबाई."

त्यांनी डोळा परत मिटला.

गोदावरीच्या पुलावर दुसरी बाटली संपली. मी सीटवरून मागे वाकून तिसरी लावली. थोडं पेट्रोल आत्याबाईंच्या लुगड्यावर सांडलं. तिसऱ्या बाटलीला भोक पाडायचं मी पुन्हा विसरले. आत्याबाईंनी डोळे न उघडता सुई काढून ते पाडलं. शेजारच्या रिक्षातल्या एका बाईंनी हे सगळं बघून देवाला हात जोडले.

दवाखान्याच्या दारात स्ट्रेचर आधीच तयार होतं. हवालदार पुढे जाऊन ओरडले असणार. गाडी थांबायच्या आत दोन वॉर्डबॉयनी दार उघडलं, झेंडू घोट्याएवढा बाहेर सांडला, आणि त्यांनी आत्याबाईंना अलगद उचललं. त्या म्हणत होत्या, मला काय नाय झालं, गाडीला झालंय. वॉर्डबॉय म्हणाला, हो आजी, हो, गाडी पण बरी होईल. आणि त्या आत गेल्या.

मी मागून धावले. हे गाडीजवळच राहिले. (नंतर म्हणाले, गाडी कोणीतरी बघायला नको का. बरोबर आहे. अशा गाडीला कोण हात लावणार होतं, पण बरोबर आहे.)

तपासायला एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी नाडी बघितली, छाती तपासली, रक्तदाब घेतला. सगळं ठीक. त्यांच्या कपाळाला आठी पडली. मग त्या जरा वाकल्या आणि त्यांना वास आला. लुगड्याला, पदराला, केसांना पेट्रोलचा वास. त्या सरळ उभ्या राहिल्या आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी वर्तमानपत्र वाचते. पेट्रोल, रॉकेल, सासू आणि सून हे चार शब्द एका बातमीत आले की पुढे काय असतं, हे मला माहीत होतं. फक्त इथे क्रम उलटा होता. डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर जायला सांगितलं नाही, पण माझ्याकडे पाठ केली आणि आत्याबाईंचा हात हातात घेतला.

"आजी, घाबरू नका," त्या म्हणाल्या. "खरं सांगा. तुम्हाला कुणी काही पाजलं का? अंगावर काही टाकलं का?"

आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं. त्या दोन क्षणांत मला आमची सगळी अकरा वर्षं दिसली. मी शाळेत जायचे म्हणून त्या एकट्या मळ्यात राबायच्या ते, मी भाकरी जाड करते ते, मी त्यांना एकदा सगळ्यांसमोर "तुम्हाला नाही कळायचं" म्हणाले होते ते. आणि त्यांचा झेंडू बाहेर पायरीवर सांडला होता, बाजार मागे राहिला होता, ते सगळं माझ्या हुशारीपायी. त्यांनी नुसती मान हलवली असती तरी मी गेले होते.

"ही माझी सून," आत्याबाई म्हणाल्या. "मास्तरीण हाय. तिनं गाडीला पाजलं, बाई. मला नाय. आता मला उठू दे, माजी फुलं सुकत्यात."

पुढचं सगळं समजावून सांगायला मला दहा मिनिटं लागली. डॉक्टरीणबाई आधी हसल्या, मग हसू आवरायला पलीकडच्या खोलीत गेल्या. हवालदार हसले नाहीत. ते बाहेर गाडीपाशी गेले. बाटलीपासून सुरू करून नळीवरून बोट फिरवत खिडकीतून बाहेर, बॉनेटपर्यंत आले, आणि तिथे बोट तसंच ठेवून बराच वेळ उभे राहिले.

मग त्यांनी मला बोलावून घेतलं. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते अगदी थकलेल्या आवाजात बोलले. खाली तापलेलं इंजिन, वर म्हातारीच्या उशाला उघडं पेट्रोल, एक ठिणगी पुरली असती, तुम्ही तिघं तर गेलाच असता, माझ्या नाक्यावरची शंभर माणसंही गेली असती. मी खाली मान घालून ऐकत होते, कारण त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. त्या क्षणापर्यंत मला हे सुचलंच नव्हतं.

"तुम्ही करता काय, बाई?" त्यांनी विचारलं.

"शिक्षिका आहे."

"विषय?"

मी त्यांच्याकडे बघितलं. नळीकडे बघितलं.

"मराठी," मी म्हणाले.

हवालदारांनी तिन्ही बाटल्या आणि उरलेलं पेट्रोल ताब्यात घेतलं आणि बजावलं, की पंप बसल्याशिवाय ही गाडी इथून एक वीतभर हलवायची नाही. गाडी ढकलून फाटकाबाहेरच्या झाडाखाली लावली. नऊ वाजून गेले होते. ऊन तापायला लागलं होतं. मी फाटकाच्या कट्ट्यावर बसले, आणि सांगायला लाज वाटते, पण रडायला लागले.

आत्याबाई हातात केसपेपर घेऊन बाहेर आल्या. त्यांनी एकदा इकडे, एकदा तिकडे बघितलं.

"रडून काय हुतंय," त्या म्हणाल्या. "गाठोडी उतरव."

त्यांनी एक साडी जमिनीवर अंथरली, तिच्यावर झेंडूची रास घातली, सुई काढली आणि हार ओवायला बसल्या. पहिल्यांदा अँब्युलन्सचे ड्रायव्हर आले. दसरा म्हणजे वाहनाची पूजा, आणि त्यांना ड्यूटी सोडून बाजारात जाता आलं नव्हतं. मग नर्स आल्या, त्यांना ऑपरेशनच्या खोलीतल्या उपकरणांची पूजा करायची होती. मग आदल्या दिवसापासून पेशंटपाशी बसलेले नातेवाईक आले. एकाला पहाटे मुलगी झाली होती, त्याला तोरण हवं होतं, मोठं. एका बाईनं फूल हुंगून विचारलं, ह्याला पेट्रोलचा वास कसा? आत्याबाई म्हणाल्या, गाडीच्या पूजेचीच हायेत ती. बाईंनी दोन हार जास्त घेतले.

मी मापं भरत होते, हे दोरा तोडून देत होते. ज्यांनी आत्याबाईंना आत नेलं होतं ते दोघं वॉर्डबॉय आले आणि स्ट्रेचरसाठी हार घेऊन गेले. सगळ्यांत शेवटी हवालदार आले. आत्याबाईंनी त्यांच्यासाठी टपोरी फुलं आधीच बाजूला काढून ठेवली होती. त्यांनी स्वतः उठून त्यांच्या मोटारसायकलला हार घातला आणि म्हणाल्या, लेकरा, माज्यासाठी एवढा रस्ता मोकळा कुनी केला नव्हता. हवालदारांनी त्यांना वाकून नमस्कार केला. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

दुपारी बारापर्यंत साडीवर नुसत्या पाकळ्या उरल्या होत्या. मळ्यातली उरलेली अर्धी फुलं मात्र तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी ती गाईनंही तोंडात धरून सोडून दिली.

दुपारी हे रिक्षानं जाऊन मेकॅनिकला घेऊन आले. तो नवा शर्ट घालून, कपाळाला गुलाल लावून आला होता. त्यानं बॉनेट उघडलं. पेट्रोल पिऊन सलाईनची नळी वाळलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखी कडक झाली होती. त्यानं हात लावताच काडकन तुटली. तुटलेला तुकडा हातात घेऊन तो बघत राहिला. मग त्यानं पंपात नवा पडदा बसवला. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

हात पुसता पुसता त्यानं ह्यांना विचारलं, हे कुणी करून दिलं?

मी शेजारीच उभी होते. ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. भला माणूस आहे.

"वाटेत भेटला एक जण," हे म्हणाले.

मेकॅनिकनं नळीचा तुकडा गटारात टाकला.

"शिकलेला होता का?"

"हो," हे म्हणाले. "बराच."

"तरीच," मेकॅनिक म्हणाला, आणि मीही मान हलवली.